आइन्स्टाइनला नोकरी हवी होती

सातवी लिस्ट लागली त्या दिवशी मी नोटीस बोर्डकडे गेलोच नाही. रूम पार्टनर जाऊन आला आणि काही न बोलता बुटाच्या लेस सोडत बसला. कळलं काय ते. सात कंपन्या झाल्या होत्या. चार ठिकाणी ॲप्टिट्यूडलाच उडालो, दोन ठिकाणी जीडीत तोंड उघडायची संधी मिळेपर्यंत वेळ संपली, आणि सातव्या ठिकाणी मात्र टेक्निकल इंटरव्ह्यूपर्यंत पोचलो होतो. तिथे समोरच्या साहेबांनी एक ड्रॉइंग पुढे सरकवलं आणि विचारलं, हे फर्स्ट अँगल की थर्ड अँगल? फर्स्ट इयरचा प्रश्न! मला आठवेना. ‘सर, आठवत नाही’ एवढं म्हणायला काय जात होतं? पण मी ठोकून दिलं, आणि वर ते तसं का, याचं दोन मिनिटं स्पष्टीकरणही दिलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रॉइंग परत फाइलमध्ये ठेवलं.

त्याच आठवड्यात घरून फोन आला. बोलता बोलता आईच्या तोंडून निघून गेलं की बाबा माझा बायोडेटा घेऊन कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांना भेटून आले. बाबा साखर कारखान्यात फिटर आहेत. पंचवीस वर्षांत स्वतःच्या कामासाठी ते कधी कुणाच्या केबिनची पायरी चढले नाहीत. आणि माझ्यासाठी गेले, तेही मला न विचारता. मला इतका राग आला की मी फोनच ठेवून दिला.

अशा मूडमध्ये असताना मॅगझिनच्या मराठी विभागासाठी एका शास्त्रज्ञाचं चरित्र लिहायचं काम गळ्यात पडलं. मी आइन्स्टाइन घेतला. म्हटलं सोपं आहे, जर्मनीत जन्म, सापेक्षता सिद्धांत, नोबेल, विस्कटलेले केस, व्हायोलिन. चार पानं सहज भरतील. लायब्ररीतून दोन जाडजूड चरित्रं आणली आणि १९०० सालाशी येऊन अडकलो. पुढची दोन वर्षं हा माणूस नोकरीसाठी अर्ज करत फिरत होता! नोबेलपर्यंत जायची मला मग घाईच राहिली नाही. आणखी एक, या लेखात मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. या गोष्टीत तो आपल्याच वयाचा आहे.

सुरुवात भराभर सांगतो. जन्म १४ मार्च १८७९, उल्म गावी. वडील हेरमान आणि काका याकोब यांचा म्युनिकमध्ये विजेच्या यंत्रांचा कारखाना होता. डायनॅमो, दिव्यांची कंत्राटं वगैरे. धंदा बुडाला, घर इटलीत हललं, तिथेही धंदा चालेना. वडिलांची इच्छा होती की मुलाने इंजिनियर व्हावं. १८९५ साली सोळाव्या वर्षी त्याने झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली आणि नापास झाला. (आपल्याकडच्या डिप्लोमावाल्या पॉलिटेक्निकशी गल्लत नको. हे म्हणजे आजचं ‘ईटीएच’.) अर्थात तेव्हा तो ठरलेल्या वयापेक्षा दोन वर्षांनी लहान होता, हेही सांगायला हवं. एक वर्ष आराऊच्या शाळेत काढून १८९६ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. कोर्स होता गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचा.

कॉलेजातलं त्याचं वागणं वाचताना मला आमच्या विंगमधली दोन-तीन तोंडं सारखी डोळ्यांसमोर येत होती. लेक्चरला दांडी. रूमवर बसून आपल्या आवडीची पुस्तकं वाचायची, आणि परीक्षा आली की मार्सेल ग्रॉसमन नावाच्या सिन्सियर मित्राच्या नोट्स. झेरॉक्स तेव्हा नव्हती, त्यामुळे ग्रॉसमनच्या वह्याच उचलून आणायच्या. प्रॅक्टिकल घेणाऱ्या पेर्ने सरांनी त्याला सगळ्यात खालची ग्रेड दिली, आणि १८९९ मध्ये कामात लक्ष नाही म्हणून लेखी समजही मिळाली. भौतिकशास्त्राचे मुख्य प्राध्यापक होते वेबर. सुरुवातीला दोघांचं बरं होतं. पुढे याला वाटायला लागलं की वेबर जुनंच शिकवतात, नवीन काही सांगत नाहीत. आणि हे त्याने लपवलं नाही. त्यांना तो ‘प्रोफेसर वेबर’ न म्हणता नुसतं ‘वेबर साहेब’ म्हणायचा, असं सांगतात. तिकडे ही फार मोठी आगाऊपणाची गोष्ट.

जुलै १९०० मध्ये शेवटची परीक्षा झाली. त्याच्या गटात पाच जण. सहापैकी ४.९१ सरासरी घेऊन आइन्स्टाइन चौथा. पाचवी मिलेवा मारिच, त्याची मैत्रीण. ती ४.०० वर नापास झाली. वरचे तिघं, कोलरोस, ग्रॉसमन आणि एराट, त्याच कॉलेजात असिस्टंट म्हणून लागले. पास झालेल्या चौघांपैकी बाहेर राहिला तो एकटाच.

आता मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारावेत. वेबरना लॅबमध्ये दोन असिस्टंट हवे होते. त्यांनी आइन्स्टाइनला डावलून दोन मेकॅनिकल इंजिनियर घेतले! हे वाचून मी पार्टनरला झोपेतून उठवून सांगितलं. त्या दोघांची नावं आज कुणाला माहीत नाहीत, पण नोकरी त्यांना लागली.

मग त्याने गणिताच्या हुर्विट्झ सरांना विचारलं. अडचण अशी की त्यांच्या सेमिनारला हा फारसा फिरकलाच नव्हता, आणि अर्जातच त्याला त्याचा खुलासा करावा लागला. ती जागाही मिळाली नाही. दांडीचा हिशोब असा कधीतरी पुढे येतोच. अटेंडन्सच्या बाबतीत मी त्याच्यावर हसू शकत नाही, म्हणून पुढे सरकतो.

पैशाची बाजूही होती. शिकत असताना जिनोआचे नातेवाईक महिन्याला १०० फ्रँक पाठवायचे. त्यातले २० फ्रँक तो दर महिन्याला बाजूला टाकायचा, स्विस नागरिकत्वाच्या फीसाठी. शिक्षण संपलं तसे ते १०० फ्रँक थांबले. फेब्रुवारी १९०१ मध्ये नागरिकत्व मिळालं, पण खिसा रिकामा झाला आणि तो मिलानला आई-वडिलांकडे परत गेला. डिग्री घेऊन घरी बसलेला मुलगा. घरात वडिलांच्या धंद्याची काळजी, आईचा मिलेवाला विरोध, आणि हा रोज टपालाची वाट बघतोय.

इथून पुढची पत्रं मी दोनदा वाचली. १९ मार्च १९०१ ला त्याने लाइपझिगचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना लिहिलं. सोबत आपला पहिलावहिला छापलेला पेपर जोडला, केशाकर्षणावरचा. पेपर तुमच्याच कामावरून सुचला असं म्हटलं, लॅबमध्ये जागा आहे का विचारलं, आणि आपल्याकडे पैसे नाहीत हेही सांगून टाकलं. उत्तर नाही. दोन आठवड्यांनी दुसरं पत्र: मागच्या पत्रात मी माझा पत्ता लिहिला होता की नाही ते आठवत नाही, म्हणून पुन्हा कळवतो. मित्रांनो, ही ट्रिक आपण सगळेच ओळखतो. ‘सर, माझा मेल स्पॅममध्ये गेला असेल म्हणून पुन्हा पाठवतोय.’ तेच! तिकडूनही उत्तर नाही.

गटिंगेनला रीके नावाच्या प्राध्यापकांकडे अर्ज केला, तिथून नकार. १२ एप्रिलला हॉलंडमध्ये लायडनच्या कामर्लिंग ओनेस यांना जोडकार्ड टाकलं. जोडकार्ड आजच्या मुलांना माहीत नसेल. हॉस्टेल ऑफिसातल्या काकांनी मला समजावून सांगितलं: एका कार्डाला दुसरं कार्ड जोडलेलं, त्याचं टपालाचं भाडं आधीच भरलेलं. समोरच्याने फक्त चार ओळी खरडायच्या आणि पेटीत टाकायचं, त्याला दमडीचा खर्च नाही. ओनेस यांनी तेवढंही केलं नाही. ते उत्तराचं कोरं कार्ड अजून आहे. लायडनच्या संग्रहालयात जपून ठेवलंय.

आइन्स्टाइनची खात्री झाली की यामागे वेबर आहेत. सगळीकडून त्यांच्याकडे चौकशी जाते आणि ते वाईट सांगतात. जर्मन भाषिक देशांत ज्यू असणं आडवं येतंय, असंही त्याच्या मनात होतं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं कोण म्हणेल? पण वेबरवर सगळं ढकलणं मला पटत नाही. चार वर्षं ज्या सरांना तोंडावर कमी लेखलं, त्यांनी शिफारसपत्रात आपली स्तुती करावी ही अपेक्षा जरा जास्तच. शिवाय त्याचे अर्ज बघा. ओळख नाही, जाहिरात नाही, जागा आहे की नाही याचा पत्ता नाही, तरी युरोपभर पत्रं. आम्हीसुद्धा पोर्टलवर एका रात्रीत चाळीस ठिकाणी एकच रेझ्युमे ढकलतो, तसलाच प्रकार.

आता ज्या पत्रासाठी मी हा लेख लिहितोय ते पत्र. ते आइन्स्टाइनने लिहिलेलं नाही. १३ एप्रिल १९०१ ला हेरमान आइन्स्टाइन, म्हणजे त्याचे वडील, ओस्टवाल्डना लिहायला बसले. मुलाला न सांगता. आपण अनोळखी माणूस एका थोर प्राध्यापकाला त्रास देतोय याची माफी मागून त्यांनी लिहिलं की मुलगा बावीस वर्षांचा आहे, चार वर्षं शिकून चांगला पास झालाय, आणि जागा मिळत नसल्यामुळे फार खचलाय. आपण आपल्या साध्या परिस्थितीतल्या माणसांवर ओझं झालोय हे त्याला आतून खातंय. त्याचा पेपर वाचून दोन उत्तेजनाचे शब्द लिहाल का, म्हणजे त्याला पुन्हा कामात आनंद वाटेल? जमलं तर असिस्टंटची जागा. आणि शेवटी, हे पत्र मी लिहिल्याचं त्याला काहीच माहीत नाही.

धंद्यात दोनदा बुडालेला माणूस. मुलाचा पेपर त्यांना कितीसा कळला असेल? पण मुलगा खचलाय हे मात्र त्यांना नीट कळलं होतं. मी पुस्तक उलटं ठेवलं आणि मेसमध्ये जाऊन चहा घेतला. कारखान्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमधला माझा बायोडेटा धरून बसलेले बाबा काही केल्या डोळ्यांसमोरून हलेनात.

ओस्टवाल्डनी त्या पत्रालाही काही केल्याचं दिसत नाही. पण गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, आइन्स्टाइन ग्रॉसमनला आभाराचं पत्र लिहितोय. त्या वह्यावाल्या ग्रॉसमनने आपल्या वडिलांच्या कानावर मित्राची अवस्था घातली होती. त्याच्या वडिलांची बर्नच्या पेटंट ऑफिसचे डायरेक्टर फ्रीडरिश हालर यांच्याशी ओळख होती, आणि त्यांनी शब्द टाकला होता. इतक्या मोठमोठ्या प्राध्यापकांना लिहिलं, आणि कामाला आला तो बाजूच्या बाकावरचा मित्र.

याला वशिला म्हणायचं का? यावर आमच्या रूममध्ये रात्री दीडपर्यंत वाद झाला. माझं मत असं की शब्द टाकून दार उघडलं, नोकरी मिळाली नाही. कारण जागा अजून निघायची होती. ती निघायला आठ महिने लागले. तेवढ्यात त्याने विंटरथूरच्या तंत्रशाळेत दोन महिने बदली शिक्षक म्हणून काढले, सैन्यात ट्रेनिंगला गेलेल्या एका मास्तरांच्या जागी. मग शाफहाउझेनला एका खाजगी शाळेत एका इंग्रज मुलाची शिकवणी. मधल्या काळात मिलेवाला दिवस गेले. जुलै १९०१ मध्ये तिने पुन्हा परीक्षा दिली आणि पुन्हा नापास झाली. जानेवारी १९०२ च्या सुमारास तिच्या माहेरी मुलगी झाली. लग्न नाही, नोकरी नाही. आइन्स्टाइनच्या अर्जांवर पुस्तकं आहेत. मिलेवाला मात्र पुढे अर्ज करायला हातात डिग्रीही नव्हती, आणि तिच्या वाट्याला असा कुणी ग्रॉसमन आला नाही.

११ डिसेंबर १९०१ ला सरकारी राजपत्रात जाहिरात आली: पेटंट ऑफिसात इंजिनियर, दुसरा वर्ग. मेकॅनिकलचं किंवा विशेषतः भौतिकशास्त्राच्या बाजूचं उच्च शिक्षण हवं. भौतिकशास्त्राचा उल्लेख कुणासाठी आला असेल ते तुम्हीच ओळखा. आठवड्याभरात, १८ डिसेंबरला, त्याने अर्ज केला. फेब्रुवारीत तो बर्नला राहायलाच आला. नेमणुकीचा पत्ता नव्हता, म्हणून पेपरात छोटी जाहिरात दिली: गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवण्या, पहिला तास मोफत. आपल्या कॉलनीतल्या खांबांवर चिकटवलेल्या असतात तशीच.

मग इंटरव्ह्यू. हालर हे कडक गृहस्थ, स्वतः इंजिनियर. त्यांनी त्याला सुमारे दोन तास खोदून खोदून विचारलं असं सांगतात. नवीन पेटंटचे कागद पुढे ठेवले आणि मत विचारलं. डायनॅमोच्या कारखानदाराचा मुलगा, पण यंत्रांचं तांत्रिक ज्ञान आणि ड्रॉइंग वाचणं यात हा कच्चा निघाला. ती उणीव लपली नाही. हालरना मात्र दुसरंही काही दिसलं असणार, कारण त्यांनी त्याला घेतलं. फक्त एक पायरी खाली. १६ जून १९०२ ची ऑर्डर: तांत्रिक तज्ज्ञ, तिसरा वर्ग, तात्पुरता, वर्षाला ३५०० फ्रँक. २३ जूनला तो कामावर हजर झाला. डिग्रीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी.

हेरमान तेव्हा आजारीच होते. १० ऑक्टोबर १९०२ ला मिलानमध्ये ते गेले. मुलाला पगार सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. तेवढं मात्र त्यांनी पाहिलं.

ऑफिस आठवड्यातून सहा दिवस, रोज आठ तास. आलेला अर्ज वाचायचा, ड्रॉइंग तपासायचं, यंत्र खरंच चालेल का आणि त्यात नवीन काय ते ठरवायचं. हालर शिकवायचे की फाइल हातात घेतली की शोधकर्त्याचं सगळं म्हणणं चूक आहे असं समजूनच वाचायला सुरुवात करा. १९०४ मध्ये नोकरी कायम झाली, पण बढती नाही. हालरचं म्हणणं, मेकॅनिकल पक्कं होईपर्यंत थांबू दे. म्हणजे १९०५ साली प्रकाशकण, ब्राउनियन गती आणि विशेष सापेक्षता यांवरचे पेपर लिहिणारा माणूस ऑफिसच्या दप्तरी तिसऱ्या वर्गातच होता. दुसरा वर्ग मिळाला १ एप्रिल १९०६ ला, ४५०० फ्रँकवर. मला हालर आवडले. वेबरसारखा राग नाही, ओस्टवाल्डसारखं मौन नाही. काय येत नाही ते सांगितलं आणि ते शिकायला जागा दिली.

पुढेही नकार चालूच होते, ते थोडक्यात. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठात शिकवण्याच्या परवानगीसाठी त्याने छापलेले १७ पेपर पाठवले. त्यात १९०५ चे सगळे होते. अर्ज नामंजूर, कारण नियमाप्रमाणे वेगळा प्रबंध जोडला नव्हता. सबमिशनला सर्टिफिकेटचं पान नाही म्हणून जर्नल परत येतं ना, तसं. १९०८ च्या सुरुवातीला एका शाळेत मास्तराची जागा निघाली. त्याने पुन्हा ग्रॉसमनलाच पत्र लिहून विचारलं: तिथे जाऊन कुणाला भेटू का? माझं बोलणं इथल्या लोकांसारखं नाही, चेहरा ज्यू, त्याने उलट वाईट मत तर नाही ना होणार? सापेक्षता मांडून तीन वर्षं झालेला माणूस इंटरव्ह्यूला आपण कसे दिसू याची चिंता करतोय. झुरिकच्या एका शाळेत गणिताच्या मास्तराच्या जागेसाठीही त्याने अर्ज केला. २१ अर्ज आले होते. निवडलेल्या तिघांत त्याचं नाव नव्हतं. शेवटी १९०९ मध्ये झुरिक विद्यापीठाने त्याला घेतलं, तेही निवड करणाऱ्या क्लाइनर यांना त्याचं पहिलं लेक्चर आवडलं नव्हतं म्हणून दुसऱ्यांदा परीक्षा घेऊन.

त्याच १९०९ च्या जुलैमध्ये जिनिव्हा विद्यापीठाने काही जणांना मानद डॉक्टरेट दिली. त्यात आइन्स्टाइन होता आणि ओस्टवाल्डही होते. आइन्स्टाइनचं नाव नोबेलसाठी पहिल्यांदा सुचवलं तेही ओस्टवाल्ड यांनीच, १९१० च्या पारितोषिकासाठी. आणि जोडकार्डवाले ओनेस पुढे त्याचे चांगले स्नेही झाले. १९२० मध्ये लायडनने त्याला पाहुणा प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावलं.

आठवी कंपनी सोमवारी येतेय. फर्स्ट इयरच्या एका ज्युनियरकडून ड्रॉइंगचं पुस्तक मागून आणलं; तो माझ्याकडे असा बघत होता की विचारू नका. दोन दिवस फक्त प्रोजेक्शन्स काढतोय, आणि आमच्या विंगमधल्या ग्रॉसमनकडून ते तपासून घेतोय. काल रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, त्या साहेबांचा नंबर द्या, मी स्वतःच बोलतो त्यांच्याशी. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग थांब म्हणाले, आणि डायरी शोधायला उठले.